हिस्पॅनिक मुलांसाठी कॉलेजचा पैसा : आधी फॅफ्सा, मग शिष्यवृत्त्या

गेल्या वर्षी एक मुलगी वही घेऊन माझ्यासमोर बसली. वहीत तिनं इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या अडतीस शिष्यवृत्त्या होत्या. प्रत्येकीसमोर रक्कम, शेवटची तारीख आणि निबंधाचा विषय लिहिलेला, शिवाय तीन रंगांच्या पेनांनी खुणा. सगळ्यांच्या नावात 'हिस्पॅनिक' किंवा 'लॅटिनो', म्हणजे ढोबळमानानं स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मूळ असलेल्या लोकांसाठी. मी विचारलं, "फॅफ्सा भरलास का?" (कॉलेजच्या आर्थिक मदतीसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे करायचा हा अर्ज.) ती म्हणाली, "ते कर्जाचं असतं ना? मामीनं सांगितलंय, कर्ज घ्यायचं नाही."

(डॉमिनिकन घरांत आईला 'मामी' म्हणतात. पहिल्या वर्षी मला वाटायचं, ही सगळी मुलं मामाकडेच कशी राहतात!)

मी न्यू जर्सीत राहते. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत आठवड्यातून एक संध्याकाळ आमच्या लायब्ररीत बसून बारावीच्या मुलांना हे अर्ज भरायला मदत करते. येणारी बरीचशी मुलं पोर्तो रिकन, डॉमिनिकन, मेक्सिकन किंवा एक्वादोरच्या घरांतली असतात, आणि घरातून कॉलेजला जाणारं बहुधा ते पहिलंच पोर. त्या टेबलाशी शिकले ते इथं लिहिते आहे. अमेरिकेतल्या शाळांत शिकवणारे, लायब्ररीत किंवा मंडळातर्फे असं काम करणारे किंवा शेजारच्या मुलाला हात देऊ पाहणारे मराठी लोक बरेच आहेत. त्यांना उपयोग होईल.

त्या वहीत चूक एकच होती, पण ती मुळातली होती. ज्यांच्या नावात 'हिस्पॅनिक' आहे त्या शिष्यवृत्त्या म्हणजे एकूण पैशातला लहानसा वाटा. त्यातल्या बऱ्याच पाचशे-हजार डॉलरच्या, आणि एकेकीला हजारोंनी अर्ज. मोठा पैसा केंद्र सरकार, राज्य सरकार आणि कॉलेज यांच्याकडे असतो. तो घरच्या उत्पन्नावर मिळतो, वंशावर नाही. त्याचं दार म्हणजे फॅफ्सा, केंद्र सरकारचा मोफत अर्ज. वहीतली यादी आधी धरणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं.

दाखला कसला लागतो?

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो. जातीचा दाखला, मग पडताळणी, मग महाडीबीटीवर अपलोड, अशी आपली सवय. इथं हिस्पॅनिक असल्याचा सरकारी दाखला नसतो. माणूस स्वतः सांगतो तेच धरतात. शिवाय हा शब्द वंश सांगत नाही, मूळ सांगतो. स्पॅनिश भाषेच्या देशांशी नातं असलेला माणूस गोरा, काळा, मूळनिवासी कुठलाही असू शकतो.

एका गोवेकर बाईंनी मला विचारलं होतं, "आमचं आडनाव फर्नांडिस, मुलानं अर्जातली 'हिस्पॅनिक'ची चौकट भरली तर चालेल का?" नाही चालणार. गोव्यातलं पोर्तुगीज आडनाव धर्मांतरातून आलेलं आहे. त्यानं कुणी हिस्पॅनिक होत नाही. खोटं सांगून मिळालेली शिष्यवृत्ती पुढं उघडकीला आली, तर पैसे परत जातातच, प्रवेशही जाऊ शकतो.

पहिली पायरी : मुलाचे कागद पाहा, आईबापांचे नंतर

केंद्राची मदत अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित म्हणून आलेले आणि आश्रय मंजूर झालेले अशांना मिळते. पोर्तो रिकोत जन्मलेली माणसं १९१७ पासून जन्मानंच अमेरिकन नागरिक आहेत. हे त्यांच्यातल्याही काहींना कॉलेजच्या संदर्भात सुचत नाही.

यातली कळीची गोष्ट म्हणजे पात्रता विद्यार्थ्याची पाहतात. मूल इथं जन्मलेलं असेल आणि आईबापांकडे इथं राहण्याचे कायदेशीर कागद नसतील, तरी मूल पूर्ण पात्र असतं. आईबापांकडे सोशल सिक्युरिटी नंबर (केंद्राचा ओळख क्रमांक) नसला तरी त्यांना खातं उघडून आपला भाग भरता येतो. त्यांचा इमिग्रेशनचा दर्जा काय, असा प्रश्न फॅफ्सात नाही. अर्जातली माहिती मदतीच्याच कामासाठी वापरायची, असं कायदा म्हणतो. पण कायदा काय म्हणतो आणि घरात काय भीती आहे, या दोन गोष्टी आहेत. अशा घराला मी "काही होत नाही हो" असं कधी सांगत नाही. काउंटीतल्या मोफत इमिग्रेशन वकिलाशी आधी बोला म्हणते, आणि निर्णय त्यांच्यावर सोडते. कॅलिफोर्नियानं अशा मिश्र घरांना फॅफ्साऐवजी राज्याचा ड्रीम ॲक्टचा अर्ज भरायची सोय ठेवली आहे. मात्र त्यात केंद्राच्या अनुदानावर पाणी सोडावं लागतं.

स्वतः विद्यार्थ्याकडेच कागद नसतील, किंवा तो २०१२ पासूनच्या डाका योजनेत (लहानपणी कागदांविना आलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणाऱ्या) असेल, तर केंद्राचा पैसा नाही. मग राज्य पाहायचं. न्यू जर्सीत अशा मुलांना २०१३ पासून राज्यातल्या रहिवाशांची फी लागते आणि २०१८ पासून राज्याची आर्थिक मदतही मिळते, तीही वेगळ्या अर्जानं. न्यू यॉर्क, इलिनॉय, कॅलिफोर्निया यांच्याही योजना आहेत. टेक्सास मात्र २००१ मध्ये अशी फीची सवलत देणारं पहिल्या राज्यांपैकी एक होतं, तिथं जून २०२५ मध्ये कोर्टाच्या आदेशानं ती थांबली. फ्लोरिडानंही त्याच वर्षी सवलत काढून घेतली. चुलतभावाला दोन वर्षांपूर्वी काय मिळालं यावर म्हणूनच विसंबू नये. खासगीत 'दड्रीम डॉट यूएस' ही संस्था खास अशा मुलांसाठी शिष्यवृत्त्या देते.

आपल्याकडची एक गंमत सांगते. एच-४ व्हिसावर (आईबापांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून) वाढलेल्या मराठी मुलाला कायदेशीर राहूनही केंद्राची ही मदत मिळत नाही. पोर्तो रिकन शेजाऱ्याच्या मुलीचा अर्ज भरताना हे माझ्या लक्षात आलं आणि मी क्षणभर थांबले.

दुसरी पायरी : खाती, आणि नावाचं त्रांगडं

विद्यार्थ्याचं एक खातं आणि पालकाचं वेगळं खातं, वेगळ्या ईमेलवर. केंद्राच्या स्टुडंट एड या संकेतस्थळावर ही खाती उघडतात. अर्ज भरायला बसाल त्याच दिवशी खाती उघडू नका. ओळख पटायला एक ते तीन दिवस लागू शकतात. नंबर नसलेल्या पालकाला आणखी वेळ धरा.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावापाशी. स्पॅनिश रिवाजात माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं आणि मग आईचं. शाळेत मुलगी 'गार्सिया', जन्मदाखल्यावर 'गार्सिया लोपेझ', सोशल सिक्युरिटी कार्डावर 'लोपेझ' आणि मधल्या नावाच्या जागी 'गार्सिया'. कॉम्प्युटर म्हणतो, ही तिन्ही माणसं वेगळी. मला याचं नवल वाटत नाही. वडिलांचं नाव मध्ये, लग्नानंतर नवऱ्याचं नाव मध्ये आणि आडनाव बदललेलं, हे आपण पासपोर्टच्या रांगेत भोगलेलं आहे.

यावर इलाज सोपा आहे. सोशल सिक्युरिटी कार्ड समोर ठेवा आणि त्यावर आहे तसंच अक्षर न् अक्षर लिहा. मधली आडवी रेघ कार्डावर नसेल तर फॉर्ममध्येही नको. अक्षरांवरच्या स्पॅनिश खुणा गाळा, कार्डावर त्या नसतात. कार्डच चुकलेलं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. शाळेच्या दाखल्यावरचं नाव वेगळं असेल तर कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला एक ओळ लिहून कळवा, नाहीतर गुणपत्रिका एकीकडे आणि मदतीची फाइल दुसरीकडे राहते.

तिसरी पायरी : फॅफ्सा

अर्ज एरवी १ ऑक्टोबरला खुला होतो. २०२४-२५ चा अर्ज नव्या रूपात यायला डिसेंबर २०२३ उजाडला आणि त्या वर्षी सगळ्यांचेच हाल झाले. आता गाडी रुळावर आहे. उत्पन्न दोन वर्षं मागचं धरतात, म्हणजे २०२६-२७ साठी २०२४ चं. अर्ज स्पॅनिशमध्येही आहे, पालकाला तोच उघडून द्या. मुलानं दुभाष्या होण्यापेक्षा आईनं स्वतः वाचून सही करणं केव्हाही चांगलं.

विद्यार्थी अविवाहित आणि चोवीस वर्षांखालचा असेल तर बहुधा पालकाचा भाग लागतोच. वेगळं राहतो, स्वतः कमावतो एवढ्यानं सुटका होत नाही. आईवडील एकत्र कर भरत असतील तर एकाची सही पुरते. लग्न न करता एका छताखाली राहत असतील तर दोघांची लागते. विभक्त असतील तर गेल्या बारा महिन्यांत ज्यानं जास्त खर्च उचलला तो पालक धरायचा, मूल कुणाकडे राहतं ते नाही. आजीकडे वाढलेल्या मुलांचं इथं अडतं. आजीनं कायद्यानं दत्तक घेतलेलं नसेल, तर फॅफ्साच्या लेखी ती पालक नाही; कोर्टानं तिला पालकत्व दिलेलं असेल तर मूल स्वतंत्र धरतात, पण बहुतेकांकडे तसा आदेशही नसतो. आईवडिलांशी संपर्कच होऊ शकत नसेल, तर अर्जातला 'असाधारण परिस्थिती'चा (अनयुज्वल सर्कमस्टन्सेस) पर्याय निवडा आणि कॉलेजशी बोला. शाळेच्या समुपदेशकाचं किंवा चर्चमधल्या पाद्र्याचं पत्र तिथं कामाला येतं.

पालकाच्या भागात एक चौकट आहे, करखात्याकडून माहिती घ्यायला संमती देण्याची. ती नाकारली, तर केंद्राची मदत शून्य. कर भरलेला नसला तरी संमती द्यावी लागते. ज्यांना नंबर नाही आणि जे आयटिन या करखात्याच्या वेगळ्या क्रमांकावर कर भरतात, त्यांनी विवरणपत्राची प्रत हाताशी ठेवावी. आकडे हातानं भरायची वेळ येऊ शकते.

मालमत्तेच्या प्रश्नाला लोक घाबरतात. राहतं घर धरत नाहीत. निवृत्तीच्या खात्यातले पैसे धरत नाहीत. बँकेतली शिल्लक मात्र अर्ज भरण्याच्या दिवशीची सांगायची. गावाकडे आजीला दर महिन्याला जाणारे पैसे, ज्यांना ते 'रेमेसास' म्हणतात (आपली मनीऑर्डरच), फॅफ्सात लिहायला जागाच नाही. ती गोष्ट पुढं कॉलेजला पाठवायच्या विनंतीपत्रात (आठवी पायरी) लिहायची, विसरू नका.

ऑनलाइन अर्जात वीस कॉलेजं घालता येतात. प्रवेश ठरलेला नसला तरी सगळी घाला. पाठवल्यावर काही दिवसांत एक आकडा येतो, स्टुडंट एड इंडेक्स. पूर्वी याला कुटुंबाचा अपेक्षित वाटा म्हणत, तेव्हा तो शून्याखाली जात नसे. आता उणे १,५०० पर्यंत जातो. जितका कमी, तितकी गरज मोठी. एवढे पैसे भरा, असा त्याचा अर्थ नाही. हे मी दर हिवाळ्यात निदान वीस वेळा सांगते.

या आकड्यावरून पेल ग्रँट ठरते. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल यांच्या नावाचं हे अनुदान परत करावं लागत नाही. २०२४-२५ आणि २०२५-२६ या वर्षांत त्याची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती, किमान ७४०. दोन पालकांच्या घराचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १७५ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण पेल मिळते. एकट्या पालकाच्या घराला ही मर्यादा २२५ टक्के आहे. चौघांचं घर असेल तर पहिली मर्यादा साधारण ५५ हजार डॉलरच्या आतबाहेर येते. म्हणजे गोदामात काम करणारा बाप आणि घरं साफ करणारी आई अशा घराला बहुधा पूर्ण. आयुष्यात एकूण बारा सेमिस्टर पेल मिळू शकते, उगाच खर्ची घालू नका.

याच अर्जावर आणखी तीन गोष्टी ठरतात. एक, केंद्राचं पूरक अनुदान, वर्षाला १०० ते ४,००० डॉलर. हे कॉलेजच्या हाती असतं आणि संपलं की संपलं, म्हणून लवकर अर्ज करणाऱ्याचं फावतं. दोन, वर्क-स्टडी, म्हणजे कॅम्पसवरची अर्धवेळ नोकरी. तीन, कर्ज. फॅफ्सा भरला म्हणजे कर्ज घेतलं असं होत नाही, ते नंतर वेगळं स्वीकारावं किंवा नाकारावं लागतं. त्या वहीवाल्या मुलीच्या मामीला हे फोनवर समजावलं, तेव्हा पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला.

अर्ज गेल्यावर ईमेल बघत राहा, कचऱ्याचा फोल्डरसुद्धा. काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात आणि कॉलेज कागद मागतं. मुलं ईमेल उघडत नाहीत, ती व्हॉट्सॲपवर असतात. कागद न गेल्यानं मदत अडकलेली मी जितकी पाहिली आहे, तितकी अपात्र ठरलेली पाहिली नाही.

चौथी पायरी : राज्य

न्यू जर्सीचं टॅग (ट्यूशन एड ग्रँट) हे अनुदान फॅफ्सावरूनच ठरतं, पण राज्याचे काही जादा प्रश्न असतात. फॅफ्सा संपल्यावर राज्याची लिंक येते, ती दाबून ते प्रश्न सोडवा; अर्धी मुलं तिथंच खिडकी बंद करतात. नव्या विद्यार्थ्याला १५ सप्टेंबरपर्यंत मुदत असते, पूर्वी टॅग घेतलेल्याला १५ एप्रिल. कम्युनिटी कॉलेजसाठी (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) ६५ हजार डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घराची फी भरून काढणारी योजना आहे. सरकारी विद्यापीठात तिसऱ्या-चौथ्या वर्षासाठी तशीच 'गार्डन स्टेट गॅरंटी' आहे. दोन्ही जोडून चार वर्षांची फी जवळजवळ सुटते, राहतो तो राहण्याखाण्याचा खर्च.

माझा सगळ्यात जास्त जीव आहे ईओएफवर, म्हणजे एज्युकेशनल ऑपॉर्च्युनिटी फंडवर. १९६७ च्या उन्हाळ्यात न्यूअर्क शहरात दंगली पेटल्या, त्यानंतर १९६८ मध्ये राज्यानं हा कार्यक्रम काढला. पैसे मिळतात, शिवाय स्वतःचा समुपदेशक, शिकवण्या आणि कॉलेजच्या आधीच्या उन्हाळ्यातला तयारी वर्ग मिळतो. ज्या घरात कॉलेज कुणी पाहिलेलं नाही, तिथल्या मुलाला तो समुपदेशक पैशापेक्षा मोलाचा. फक्त याची मागणी प्रवेशअर्जातच करायची असते. ती चौकट सोडली आणि एप्रिलमध्ये आठवण झाली, की जागा गेलेल्या असतात.

दुसऱ्या राज्यांत नावं बदलतात. कॅलिफोर्नियात कॅल ग्रँट आणि तिची २ मार्चची तारीख, न्यू यॉर्कमध्ये टॅप, इलिनॉयमध्ये मॅप, टेक्सासमध्ये टेक्सास ग्रँट, न्यू मेक्सिकोत ऑपॉर्च्युनिटी स्कॉलरशिप. आपल्या राज्याची तारीख आज शोधा आणि फ्रिजवर चिकटवा. केंद्राची मुदत पुढच्या जूनपर्यंत असते, तिच्यावर जाऊ नका. राज्याचा आणि कॉलेजचा पैसा त्याच्या कितीतरी आधी वाटून होतो.

पाचवी पायरी : कॉलेज निवडताना

'हिस्पॅनिक-सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन' ही पाटी बऱ्याच कॉलेजांवर दिसेल. ज्या कॉलेजात पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी किमान २५ टक्के हिस्पॅनिक आहेत, त्याला कायद्यात ही ओळख आहे, १९९२ पासून. आमच्याकडे कीन आणि माँटक्लेअर स्टेट त्यात येतात. पण यातला केंद्राचा पैसा कॉलेजला मिळायचा, प्रयोगशाळा, शिकवण्या, शिक्षक यांच्यासाठी. विद्यार्थ्याच्या हातात चेक येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रानं या अनुदानांतला मोठा भाग थांबवला. तेव्हा काही पालक घाबरून आले होते, आमची पेल गेली का म्हणून. तिचा याच्याशी संबंध नाही.

तरी अशी कॉलेजं यादीत असावीत असं मला वाटतं. मदत कार्यालयात स्पॅनिश बोलणारं माणूस भेटतं, आणि आईला स्वतः फोन करून विचारता येतं.

छापील फी पाहून कॉलेज खोडू नका. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असणं २०११ पासून सक्तीचं आहे. दहा मिनिटं द्या, घरचं उत्पन्न घाला, अंदाज मिळेल. श्रीमंत खासगी कॉलेज कमी उत्पन्नाच्या घराला कधी कधी सरकारीपेक्षा स्वस्त पडतं. अशी कॉलेजं बहुधा सीएसएस प्रोफाइल नावाचा दुसरा अर्जही मागतात. तो कॉलेज बोर्डचा, जास्त चौकस, राहत्या घराची किंमतही विचारणारा. एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असेल तर त्याची फी माफ आहे. अभ्यासात फार पुढं असलेल्या मुलानं क्वेस्टब्रिज (कमी उत्पन्नाच्या हुशार मुलांना नामांकित कॉलेजांशी जोडणारा कार्यक्रम) पाहावं, मात्र त्याची मुदत सप्टेंबरअखेरच संपते.

सहावी पायरी : आता ती वही काढा

हिस्पॅनिक स्कॉलरशिप फंड ही यातली मोठी नावाजलेली संस्था, १९७५ मध्ये सुरू झालेली. तिच्या शिष्यवृत्त्या ५०० ते ५,००० डॉलरच्या असतात, अर्ज जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, आणि बारावीच्या मुलाला सरासरी (जीपीए) चारपैकी ३.० लागते. लुलॅक ही १९२९ मध्ये टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टीत स्थापन झालेली संघटना स्थानिक शाखांमार्फत लहान शिष्यवृत्त्या देते. इंजिनीअरिंगवाल्यांनी शिपी (एसएचपीई, हिस्पॅनिक इंजिनीअरांची संघटना) ही संस्था पाहावी. मॅकडॉनल्ड्सची हेसर शिष्यवृत्ती १९८५ पासून आहे.

हेसरवरून एक बदल सांगते. विद्यापीठ प्रवेशात वंश पाहू नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं जून २०२३ मध्ये दिला. तो प्रवेशापुरता होता, पण त्यानंतर शिष्यवृत्त्यांवरही खटले आले. हेसरनं जानेवारी २०२५ मध्ये तडजोडीत आपली अट बदलली. आता पालक लॅटिनो असावा लागत नाही, अर्जदारानं त्या समाजासाठी काय केलं ते दाखवावं लागतं. इतरही संस्था याच वाटेनं निघाल्या आहेत. म्हणून जुन्या याद्यांवरच्या अटी धरून चालू नका, दर वर्षी मूळ पान वाचा. आणि निबंधात 'मी हिस्पॅनिक आहे' एवढं लिहून आता भागत नाही.

निबंधाचं सांगायचं तर, मुलं लिहितात, 'माझ्या आईवडिलांनी खूप कष्ट केले आणि मला त्यांचं स्वप्न पूर्ण करायचं आहे.' परीक्षकांसमोर असे शेकड्यांनी येतात. त्या मुलीनं पहिल्यांदा तेच लिहिलं होतं. मी विचारलं, घरात तू रोज काय करतेस? म्हणाली, काही विशेष नाही, पत्रं वाचते. कसली पत्रं? घरमालकाची, विजेची, दवाखान्याची. नऊ वर्षांची असताना डॉक्टरचं बोलणं आजीला स्पॅनिशमध्ये सांगताना तिला 'बायॉप्सी' या शब्दाला शब्द सापडला नव्हता, आणि तिनं 'छोटी सुई' असं सांगून वेळ मारून नेली होती. तिचा निबंध तिथंच सुरू झाला. तोच निबंध थोड्याफार फरकानं सात ठिकाणी गेला. वहीतल्या अडतीसपैकी तेवढ्याच ठेवल्या होत्या, बाकीच्यांवर मीच काट मारली.

गावातल्या शिष्यवृत्त्या कमी लेखू नका. रोटरी, क्रेडिट युनियन, चर्च, आईच्या कारखान्यातली युनियन, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची संघटना. पाचशे डॉलरला दहा अर्ज येतात, दहा हजार नाही.

आणि पैसे मागणाऱ्यापासून दूर. फॅफ्सा फुकट आहे, शिष्यवृत्तीच्या अर्जाला फी नसते. या समाजात एक खास फसवणूक चालते. लॅटिन अमेरिकेत 'नोतारियो' म्हणजे वकिलाच्या तोडीचा माणूस. अमेरिकेतला नोटरी फक्त सही साक्षांकित करतो. दुकानावर 'नोतारियो'ची पाटी लावून कागदपत्रांचे आणि अर्जांचे शेकडो डॉलर उकळणारे लोक आहेत. सेतू केंद्राबाहेरचा एजंट आठवा, फक्त इथं चुकीच्या अर्जाची किंमत जास्त पडते.

सातवी पायरी : पत्र वाचायला शिका

मार्चमध्ये कॉलेजांची मदतीची पत्रं येतात. 'अभिनंदन! तुमची मदत ३४,००० डॉलर, तुम्ही भरायचे शून्य.' घरात पेढे वाटायच्या आधी पेन्सिल घ्या.

समजा वर्षाचा एकूण खर्च ३४,००० आहे. पत्रात पेल ७,३९५, राज्याचं अनुदान ८,०००, कॉलेजचं अनुदान ४,०००. या तिघांखाली रेघ मारा : १९,३९५. खरी मदत एवढीच, परत न करायची. मग वर्क-स्टडी २,५००. हा पैसा हातात नाही, नोकरी शोधून तासागणिक कमवायचा आहे, आणि तो सप्टेंबरच्या फीला उपयोगी पडत नाही. मग केंद्राचं विद्यार्थी कर्ज ५,५००, त्यातल्या जास्तीत जास्त ३,५०० वर शिकत असताना व्याज सरकार भरतं. उरलेले ६,६०५ 'पॅरेंट प्लस' या नावानं दाखवलेले असतात. ते आईबापाच्या नावावरचं कर्ज आहे. म्हणजे 'शून्य' नव्हे, १४,६०५ डॉलर घरानं उभे करायचे आहेत.

प्रत्येक कॉलेजसाठी हा एकच आकडा काढा, खर्च वजा परत न करायची मदत, आणि तेवढेच आकडे शेजारी शेजारी ठेवा. पॅरेंट प्लसवर जुलै २०२६ पासून वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आली आहे. माझं मत विचाराल तर, भाड्याच्या घरात राहणाऱ्या आईनं ते घेऊच नये. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून पुढं बदली घेणं शंभर पटींनी बरं, आणि पदवीवर नाव शेवटच्या कॉलेजचंच येतं.

बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली की कॉलेजला कळवावी लागते. काही कॉलेजं तेवढीच आपली मदत कमी करतात. विचारा : कमी करणार असाल तर अनुदान कमी करणार की कर्ज? कर्ज कमी करा अशी विनंती करा, बऱ्याचदा ऐकतात.

आठवी पायरी : परत मागा

हे आपल्याकडच्यासारखंच त्यांच्याकडेही जड जातं. दिलं ते घ्यावं, वर तोंड करून मागू नये. पण आर्थिक मदत अधिकाऱ्याला परिस्थिती पाहून आकडे बदलायचा अधिकार कायद्यानंच दिलेला आहे. दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नानंतर बापाची नोकरी गेली, तास कमी झाले, दवाखान्याचं बिल आलं, आईवडील वेगळे झाले, तर लिहा. इथंच त्या रेमेसासबद्दलही लिहा, पावत्या जोडून.

पत्र एका पानाचं असावं. पहिल्या ओळीत आभार आणि विद्यार्थी क्रमांक. मग काय बदललं, कधी बदललं, किती डॉलरनं बदललं. मग सोबतच्या कागदांची नावं. शेवटी नेमकी मागणी : 'आणखी ३,००० डॉलरचं अनुदान मिळाल्यास मी प्रवेश निश्चित करू शकेन.' रडगाणं नको, आकडे हवेत. आणि सही विद्यार्थ्याची.

त्या मुलीच्या बापाचे तास गोदामानं चाळीसवरून चोवीसवर आणले होते. तिनं दोन पगारपत्रकं जोडली, एक आधीचं आणि एक नंतरचं. तीन आठवड्यांनी कॉलेजनं २,२०० डॉलर वाढवले.

आणि कॉलेज सुरू झाल्यावर

पेल पूर्ण मिळायला सेमिस्टरला बारा क्रेडिट लागतात, पण चार वर्षांत पदवी हवी तर पंधरा घ्यावे लागतात. पंधरा घेतल्यानं पेल वाढत नाही, वर्षं मात्र वाचतात. मदत चालू राहायला बहुतेक कॉलेजांत सरासरी २.० आणि घेतलेल्या क्रेडिटपैकी दोन तृतीयांश पास होणं लागतं. एखादा विषय सोडून देण्याआधी मदत कार्यालयात विचारा. सोडलेला विषयही त्या हिशेबात धरतात.

फी वळती होऊन काही पैसे उरले तर ते विद्यार्थ्याच्या खात्यात येतात, बहुधा सप्टेंबरच्या मध्यावर. पुस्तकं मात्र पहिल्या आठवड्यात लागतात. तोवर लायब्ररीच्या राखीव कपाटातल्या प्रती वापरा. अनुदानातला जो भाग राहण्याखाण्यावर जातो त्यावर कर लागू शकतो, म्हणून फीच्या आणि पुस्तकांच्या पावत्या एका पाकिटात ठेवा.

फॅफ्सा दर वर्षी नव्यानं भरायचा असतो. ती मुलगी ऑक्टोबरात पुन्हा आली, या वेळी धाकट्या भावाला घेऊन. वही तीच होती. मागच्या पानावर तिनं त्याचं नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तसं, अक्षर न् अक्षर, उतरवून आणलं होतं.